बंदोबस्त कुणाचा आणि कुणापासून?



आपल्या माणसाला या राज्यात वर्षातून दोन-तीनदा एक नवं नाव मिळतं. ६ डिसेंबरला दादरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, अशोक विजयादशमीला नागपूरला. त्या दिवशी आपण बौद्ध नसतो, मजूर नसतो, कुणाची आय नसतो, कुणाचा बाप नसतो. आपण 'गर्दी' असतो. गर्दीमुळे वाहतुकीत बदल. गर्दीमुळे यंत्रणेवर ताण. गर्दीमुळे नागरिकांची गैरसोय. म्हणजे नागरिक निराळे आणि आपण निराळे. ज्या माणसानं या देशाची घटना लिहिली, त्याला वंदन करायला आलेली माणसं मात्र नागरिकांची गैरसोय!

मी गिरणी कामगार. शाळा मधेच सुटली. शब्द मला कुठल्या मास्तरानं शिकवले नाहीत, मी ते उचलले. हँडबिलातून, मुकादमाच्या शिव्यांतून, बाबासाहेबांच्या भाषणांतून. म्हणून शब्दाला नखानं खरवडून बघायची सवय लागली. 'बंदोबस्त' हा शब्द असाच खरवडून बघण्यासारखा आहे. लग्नाला पाहुणे येणार म्हटल्यावर घरधनी करतो तो एक बंदोबस्त. पाणी कुठं ठेवायचं, सावली कुठं, म्हातारी माणसं बसतील कुठं, बाळंतिणीला कुठं निजवायचं. आणि उसात रानडुकरं शिरतील म्हणून शेतकरी करतो तो दुसरा बंदोबस्त. शब्द एकच. मला या पानांवर एवढंच विचारायचं आहे की आपल्यासाठी होतो तो यातला कुठला?

पहिली साक्ष बाबासाहेबांचीच काढतो. १९३४ साली ते सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासानं धुळीनं माखलेली माणसं, किल्ल्याच्या दाराशी पाण्याचं टाकं दिसलं, हातपाय धुतले. तेवढ्यात मागनं आरडाओरड झाली, टाकं बाटवलं म्हणून. शिव्या झाल्या, आईबाप काढून झाले. शेवटी किल्ला बघू दिला, पण अटीवर. आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. आणि मंडळींबरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय.

त्या शिपायाकडं नीट बघा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय मान आहे साहेबांचा, बरोबर बंदूकवाला चाललाय. पण तो शिपाई पाहुण्यांच्या रक्षणाला नव्हता. पाहुण्यांपासून पाण्याच्या रक्षणाला होता. दोस्तांनो, आपल्या प्रत्येक मेळ्याला तो शिपाई हजर असतो. कधी खाकीत, कधी वर्तमानपत्राच्या कचेरीत, कधी पालिकेच्या टेबलामागं. बंदोबस्त दिसला की विचारायचा प्रश्न एकच. रक्षण कुणाचं चाललंय, आणि कुणापासून?

दुसरी साक्ष महाडची. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो, हे पोरासोरांना पाठ आहे. पण त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट आपण भरभर सांगून टाकतो. आधीची गोष्ट अशी की परिषदेला आलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. तळं समोर भरलेलं, गावात विहिरी, आणि पाहुण्यांना पाणी विकत! १९२७ चे ४० रुपये म्हणजे काय, हे आपल्या आज्याला विचारलं असतं तर त्यानं कानाला हात लावला असता. आणि नंतरची गोष्ट अशी की माणसं तळ्यावरनं मंडपात परत आली, काही जेवत होती, काही गावाकडं निघायच्या तयारीत होती, आणि गावात अफवा सुटली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. पाहुण्यांच्या पुढचं अन्न मातीत गेलं. रस्त्यात एकटंदुकटं सापडलेलं माणूस बडवलं. कुणी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला म्हणून वाचलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं ठरलं तेव्हा सभेला कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल विकायचे नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून कार्यकर्त्यांनी दाणागोटा आधीच गोळा करून नेला. पाणी, धान्य, मंडप, राखण, सगळं आपलं आपण. त्या तयारीवर २५ डिसेंबरची ती रात्र उभी राहिली, जिच्यात मनुस्मृती जळाली. होळीचा उजेड सगळ्यांना दिसतो. त्या उजेडामागं कुणीतरी पाण्याची आणि पिठाची पोती वाहिली होती, ते आपल्या कवितेत येत नाही. माझ्याही आलेलं नाही, कारण पोत्यावर कविता सुचत नाही. पण चळवळ पोत्यावर चालते.

आता आजचं बघू.

१ जानेवारी २०१८. भीमा कोरेगावच्या लढाईला २०० वर्षं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभाला गेले होते, तेव्हापासूनची ही वाट. लाखो माणसं येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोन-तीन दिवस आधी वढू बुद्रुकला गोविंद गोपाळांच्या समाधीच्या फलकावरून तणाव झाला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी १ तारखेला काय झालं? पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी या पट्ट्यात दगडफेक, जाळपोळ. पोरंबाळं घेऊन आलेली माणसं रस्त्यात अडकली. दुकानं बंद, खाणं नाही, पाणी नाही. एका तरुणाचा जीव गेला, आणि तो आपल्या समाजाचा नव्हता हेही इथं नोंदवतो, कारण मेलेल्या माणसाची जात बघून दुःख करायला आपण शिकलेलो नाही. पुढं चौकशी आयोग नेमला. आयोगाला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली.

आणि १ जानेवारी २०१९? तोच स्तंभ, तोच रस्ता, त्याच लाखो माणसांची रीघ. पण या वेळी हजारो पोलीस, कॅमेरे, वरनं ड्रोन, गाड्या लावायला वेगळी मैदानं, तिथनं स्तंभापर्यंत बसगाड्या, पाण्याचे टँकर, संडास. माणसं आली, वंदन केलं, घरी गेली. सगळं शांततेत.

या दोन वर्षांना शेजारी शेजारी ठेवा. एका वर्षात स्तंभ बदलला नाही, रस्ता रुंद झाला नाही, आपण बदललो नाही. बदलली ती फक्त इच्छा. म्हणजे २०१८ ला जे झालं नाही ते होऊ शकत नव्हतं म्हणून झालं नाही असं नव्हे. ते कुणाला करायचं नव्हतं, किंवा करणं गरजेचं वाटलं नव्हतं. '२०० वर्षांचा मेळा होता, एवढ्या माणसांची कल्पना नव्हती' ही सबब २०१९ नं कायमची मोडून टाकली. उद्या कुठलाही साहेब तुम्हाला म्हणाला की एवढ्या लोकांची सोय करणं शक्य नाही, तर भांडत बसू नका. त्याच्यापुढं २०१९ ठेवा.

पण तिथंच एक गाठ मारून ठेवा. २०१९ चा ड्रोन कुणाकडं तोंड करून होता? दगड मारणाऱ्याच्या गच्चीकडं, का स्तंभाकडं चाललेल्या म्हातारीकडं? सुरक्षा मिळाली हे कबूल. पण झडतीला उभं राहिलेल्या पाहुण्याला 'या' म्हणणारं कुणी होतं का? सुरक्षा आणि मान ही जोडी फोडली की पुन्हा दौलताबादचा शिपाईच हातात राहतो.

आमच्या बिद्रीवरनं गारगोटी रस्ता जातो. पुढं मुधाळ तिट्टा, तिथनं आदमापूर. अमावास्येला बाळूमामांच्या दर्शनाला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची, कर्नाटकातली माणसं येतात. बाळूमामा १९६६ साली गेले. मेंढरामागं हिंडणारा माणूस. त्यांच्या नावानं आज गरिबाला पंगत मिळते. अमावास्येला या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, एस.टी. अडकते, तिसऱ्या पाळीहून आलेला कामगार तासभर उशिरा घरी पोचतो. पण कुणी म्हणत नाही की नागरिकांची गैरसोय झाली. म्हणतात, यात्रा हाय, चालायचंच. जोतिबाच्या चैत्र यात्रेला कोल्हापुरातली मंडळं अन्नछत्रं घालतात. आषाढीच्या वाटेवर टँकर असतात, दवाखाने असतात, २०२४ ला तर सरकारनं एकेका दिंडीला २० हजार रुपये जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. वारकरी आपल्यासारखाच राबणारा माणूस, त्याच्या पायाचे फोड खरे आहेत. त्याला मिळतंय ते काढून घ्या असं म्हणणारा मूर्ख आपल्यात नको.

मी एवढंच म्हणतो की म्हणजे या महाराष्ट्राला पाहुणचार येतो! त्याला चालणाऱ्याचे पाय कसे चेपायचे ठाऊक आहे. कुठल्या वळणावर पाणी ठेवायचं ठाऊक आहे. फक्त पाहुणा कोण हे ठरवताना त्याचा हात आखडतो. हा हात आजचा नाही. चोखोबा विठ्ठलाचे केवढे भक्त, तर त्यांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी. त्या दारातून आपल्या माणसाला आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. शेकडो वर्षं वारी होती, दिंडी होती, अन्नदान होतं, आणि चोखोबांच्या लेकरांना पायरी होती. आपल्याला आता त्या देवळात जायचं नाही. १९५६ ला आपण ती वाटच सोडली. पण पायरी सोडली म्हणून पायरीवर बसवण्याची खोड गेली असं समजू नका. तिनं जागा बदलली. ती दादर स्टेशनच्या जिन्यावर येऊन बसली.

दादरचं बोलू. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले, ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून माणूस तिथं येतोय. आजचा चैत्यभूमीचा स्तूप १९७१ चा, म्हणजे स्तूप नव्हता तेव्हाही माणूस येत होता, वाळूवर झोपत होता. शिवाजी पार्कवर आता पालिका मंडप घालते, नळ लावते, दवाखाना ठेवते. ते फुकट मिळालेलं नाही, वर्षानुवर्षं ओरडून मिळालेलं आहे. आणि तरी २०१७ चा डिसेंबर आठवा. ओखी वादळाचा पाऊस आला, ५ तारखेला मैदानात चिखल झाला, आलेली माणसं भिजली. मग पालिकेनं आपल्या शाळा उघडल्या आणि माणसांना पक्क्या छपराखाली नेलं. छान केलं. पण मला सांगा, त्या शाळा काय ओखी वादळाबरोबर समुद्रातून वाहून आल्या होत्या? त्या तिथंच होत्या. दर ६ डिसेंबरला तिथंच असतात. छप्पर होतं, भिंती होत्या, नळ होते, संडास होते. फक्त आपल्यासाठी ते दार उघडायला वादळ यावं लागलं.

माझी आय दरसाल जाते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसचा जनरल डबा. गाडीत बसायच्या आधी ती पाणी बंद करते. रात्रभर नाही, दुसऱ्या दिवशी रांगेतही नाही. कुणी बाटली पुढं केली तर म्हणते, 'नगं गं बाई, मग जायाचं कुठं?' बायकांनो, ही एका म्हातारीची गोष्ट आहे का? तुम्हाला विचारतो. रांगेत पुढं असलेल्या बाईला, मागं असलेल्या बाईला विचारा. पाण्याचे नळ किती लावले हा आकडा पालिका छापते. पण संडास लांब, अंधारात, कडी तुटलेला आणि पाणी नसलेला असला, तर त्या नळाचं पाणी बाई पिणारच नाही. मग चक्कर येऊन पडते आणि बातमी येते, गर्दीमुळे महिलेची प्रकृती बिघडली. गर्दीमुळे नाही साहेब. कडीमुळे.

त्याच शिवाजी पार्कवर उपाशीपोटी माणूस पुस्तक विकत घेतो. जगात कुठल्या मेळ्याला अशी पुस्तकं खपतात? भाकरी फडक्यात बांधून आणलेली, आणि पैसे पुस्तकाला. या माणसाबद्दल शहर काय बोलतं? फुकट येतात, घाण करतात. घाणीचंही ऐका. ७ डिसेंबरला पहाटे शिवाजी पार्क झाडायला कोण येतं? खराटा कुणाच्या हातात असतो? बहुतेक आपल्याच भावाबहिणीच्या. म्हणजे येणारा आपला, झाडणारा आपला, आणि नाकाला रुमाल लावणारा तिसराच. म्हणून पोरांनो, पत्रावळ टाकताना आधी आठवा की ती कोण उचलणार आहे. हा शहराच्या नाकाचा प्रश्न नाही, आपल्या बहिणीच्या कंबरेचा आहे.

आता मरणाचं बोलू. कारण सोय नाही झाली तर त्याचं शेवटचं टोक मरण आहे.

चेंगराचेंगरी म्हटलं की वाटतं, माणसं वेडी झाली, पळत सुटली, एकमेकांना तुडवलं. तसं क्वचित होतं. माणूस बहुधा उभ्या जागी मरतो. एका चौरस मीटरात चार माणसं असली तर हलता येतं. सहा-सात झाली की अंग आपलं राहत नाही. गर्दीची लाट येते, ती नेईल तिकडं पाय जातात, छातीवर चहूबाजूंनी दाब पडतो आणि फासळ्यांना फुगायला जागा उरत नाही. मला हे समजायला अवघड गेलं नाही, कारण रुईची गासडी कशी दाबतात ते मी बघितलंय. फरक एवढाच की रुईला श्वास लागत नाही. असं दाबलं गेलेलं माणूस कुणाला मारत नसतं, मागचा लोटतो तोही लोटला जात असतो. मग दोष कुणाचा? दाराचा, जिन्याचा, रस्त्याच्या रुंदीचा, येणारा आणि जाणारा लोंढा एकाच वाटेनं सोडणाऱ्याचा.

मांढरदेव, २५ जानेवारी २००५. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, वाटेला चिकटून दुकानं, त्यात आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. नाशिकचा कुंभमेळा, २००३, अरुंद रस्त्यात ३९. आणि मुंबईचा एल्फिन्स्टन रोडचा पूल, २९ सप्टेंबर २०१७, एका पावसाच्या सरीत २३. हा तर सणही नव्हता, रोजची कामाला जायची वेळ. तिथं आजूबाजूला गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, वर काचेचे टॉवर आले, टॉवरात कामाला माणसं आली, पूल मात्र पुरला नाही. नवा पूल मागून मागून लोक थकले होते. माणसं मेल्यावर लष्करानं तो काही महिन्यांत बांधून दिला. बघा, इथंही तेच. करता येत होतं.

आणि ही खोड आपल्याच देशाची नाही. दक्षिण कोरियात सोल शहरात इटेवॉनला २९ ऑक्टोबर २०२२ ला सणाच्या रात्री एका उताराच्या बोळात १५९ माणसं उभ्या उभ्या गुदमरली. बहुतेक तरुण पोरंपोरी, तुमच्या-माझ्या वयाची. काही तास आधीपासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते की इथं माणसं चिरडतील. ऐकलं गेलं नाही. पैसेवाला देश, रुंद रस्ते, सगळी यंत्रं. नव्हतं ते फक्त ऐकणारं कान.

उन्हाचंही असंच. खारघर, १६ एप्रिल २०२३. सरकारचा स्वतःचा कार्यक्रम, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा. पाहुणे म्हणून बोलावलेली लाखो माणसं मैदानात तासन् तास उन्हात, व्यासपीठावर छप्पर. १४ माणसं उष्माघातानं गेली. तारीख बघा. भीमजयंतीनंतर दोनच दिवस. म्हणजे आपल्या जयंतीवर जे ऊन असतं तेच ते ऊन. ते बाबासाहेबांच्या नावाला घाबरून कमी होणार नाही. दुपारी १२ ला रॅली काढणाऱ्या आपल्या मंडळांनी या १४ माणसांकडं जरा बघावं.

इथं मला आपल्याच काही मित्रांशी भांडायचं आहे.

एक मित्र म्हणतो, महाडला मार खाल्लेली आपली माणसं, आपल्याला मंडप आणि गादी कशाला? सोसलं पाहिजे. माझा त्याला सवाल आहे, सोसायचं कुणी? भाषण करणारा गाडीनं येतो आणि गाडीनं जातो. सोसते ती माझी आय. आपल्या सोसण्याचं कौतुक दोन हजार वर्षं झालं, त्या कौतुकाच्या माळा गळ्यात घालून आपण गावकुसाबाहेर राहिलो. बाबासाहेबांनी सोसायला नाही शिकवलं. महाडला त्यांनी उलटा हात उगारू दिला नाही हे खरं, पण तक्रार नोंदवायला ते स्वतः पोलिसांकडं गेले. शांत राहणं आणि गप्प राहणं यात हा फरक आहे.

दुसरा मित्र म्हणतो, सरकारकडं मागणं म्हणजे भीक. अरे, नळाचा कर कोण भरतं? काडेपेटीवर, एस.टी.च्या तिकिटावर आपण भरतो ना? ज्याचे पैसे आहेत त्यानं हिशेब मागितला तर ती भीक होत नाही. आणि न विचारता दिलेलं तरी आपलं असतं का? नागपुरात दीक्षाभूमीवर जमिनीखाली गाड्या लावायची जागा करायला घेतली. स्तूपाला धोका होईल म्हणून लोक बिथरले, १ जुलै २०२४ ला कामाची मोडतोड झाली, मग सरकारनं स्थगिती दिली. चालत येणाऱ्या, रेल्वेनं येणाऱ्या माणसाला आधी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, गाडीची सोय ऱ्हाऊ दे बाबा, आधी माझी कर.

आणि तिसरं भांडण सगळ्यात घरचं. दादरला एका दिवशी आपल्या किती गटांची किती व्यासपीठं लागतात! प्रत्येकाचा कर्णा दुसऱ्याच्या कर्ण्यावर ओरडतो. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं त्या कर्ण्याखाली टेकलेली असतात. त्यांना कुणी पाणी विचारत नाही, फक्त टाळ्या मागतं. गावोगावी जयंतीला डीजेची भिंत लागते. छातीत धडधडायला लागलेली म्हातारी मिरवणुकीतनं मागं फिरते. पोरी कडेला उभ्या राहतात, कारण मधे गेलं की कुणाचा तरी हात लागतो. त्या हाताचा मालक गळ्यात निळा रुमाल घालून असतो. त्याला आपण आपला म्हणणार? मी म्हणणार नाही. सवर्णांच्या सरकारला 'आमच्या बायकांना मान द्या' म्हणणाऱ्या तोंडानं आधी आपल्या मिरवणुकीतला तो हात धरला पाहिजे. जमावापुढं पकडून, नाव घेऊन. समता सैनिक दल बाबासाहेबांनी काठी मिरवायला काढलं नव्हतं. आपल्या माणसाला आपल्या सभेत निर्धास्त बसता यावं म्हणून होतं.

आम्ही कोल्हापूरकडची माणसं. आमच्या मातीत या गोष्टीचा धडा घालून दिलेला आहे. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढला, सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी, पाणवठे इथं शिवाशिव मानायची नाही. म्हणजे वाटसरूला निवारा आणि पाणी हा हक्क म्हणून लिहून दिला. आणि नुसता हुकूम काढून राजवाड्यात बसले नाहीत. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळ्यांना मार बसला होता. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल घालून दिलं, आणि गाडी थांबवून, सगळ्या गावादेखत, तिथं चहा प्यायले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला स्वतः हजर राहिले आणि तरुण बाबासाहेबांना बहिष्कृतांचा पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. मान देणं म्हणजे काय हे या माणसानं एका कपात दाखवलं. कायदाही हवा आणि कपही हवा. नुसता कायदा असला की ड्रोन येतो. नुसता कप असला की उपकार होतो.

म्हणून करायचं काय?

बिद्रीच्या आसपासच्या पोरांना मी सांगतो, बाकीच्यांनी आपापल्या गावचं बघा. ६ डिसेंबरला आणि १ जानेवारीला आपल्या तालुक्यातनं किती माणसं जातात याची वही आपण ठेवायची. नाव, गाव, सोबत कोण, औषध कुठलं, घरचा फोन. पन्नास माणसांमागं दोन पोरं आणि दोन पोरी जबाबदार. माणूस हरवलं तर कुठं भेटायचं, हे कोल्हापूर सोडायच्या आधी ठरलेलं असावं. तिथं पोचलं की आधी बाहेर पडायची वाट बघायची, मग आत जायची. गर्दी छातीला लागायला लागली की पुढं रेटायचं नाही, कडेकडेनं तिरकं बाहेर यायचं, लेकरू खांद्यावर घ्यायचं, वाकून चप्पल उचलायची नाही. गिरणीत आग लागली तर बाहेर उघडणारं दार हवं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानं लिहून ठेवलं होतं. मंडपालाही ते हवं. आपल्या जयंतीच्या मंडपाला मागचं दार आहे का, एवढं या खेपेला बघाच.

आणि परत आल्यावर वही उघडायची. नळ कुठं कोरडा होता, संडासाची कडी कुठं तुटली होती, कुठला पोलीस 'मावशी, इकडनं जावा' म्हणाला आणि कुठल्यानं 'ए म्हातारे' म्हटलं, सगळं तारीखवार लिहायचं. चांगलं वागणाऱ्याचंही लिहायचं. ते कागद पालिकेला, रेल्वेला, कलेक्टरला धाडायचे, पोच घ्यायची, आणि पुढच्या खेपेला तीच पोच त्यांच्यापुढं ठेवायची. आपल्याकडं घोषणा खूप आहेत, पोचपावत्या नाहीत. सरकार घोषणेला सरावलेलं आहे, पावतीला भितं.

२०२० च्या डिसेंबरात साथीमुळं सरकार म्हणालं, येऊ नका, घरूनच वंदन करा. आपण आलो नाही. लाखो माणसं एका शब्दावर घरी थांबली. जिला तुम्ही बेशिस्त गर्दी म्हणत होता, ती ही. 'येऊ नका' हा शब्द तुम्हाला बोलता आला आणि आम्हाला पाळता आला. आता दुसरा शब्द शिका. तो त्याहून लहान आहे.

'या.'

तो म्हणेपर्यंत वही मिटायची नाही.

(बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर)